सर्वम् मंगळम्, पण ग्राइंडर फिरेना

कोईमतूरमधल्या पीळमेड्याच्या अरुक्काणी ग्राइंडर्समध्ये वीज कधी गेली नाही. ती 'डोंगर चढली'. कँटीनमधली साखर कधी संपली नाही. ती 'भरून राहिली'. कामावरून घरी जाणारा माणूस 'जातो' म्हणाला, तर मालक चेन्नियप्पन त्याला दारातून परत बोलवत आणि 'जाऊन येतो' असं म्हणवून घेऊनच सोडत. कारखान्याला आईचं नाव दिलेलं, त्या नावाच्या छपराखाली अभद्र शब्द निघता कामा नये, हा त्यांचा कायदा होता.

कायदा माणसांपुरता असता तर ठीक. पण मुदलाळींनी तो भिजली डाळ दगडाने वाटणाऱ्या आपल्या ग्राइंडरलाही लावला होता. (मालकाला सगळे मुदलाळी म्हणत, त्यांची बायकोसुद्धा, फक्त ती जरा वेगळ्या सुरात.) आपलं यंत्र लग्नाच्या स्वयंपाकघरात उभं राहतं, मग त्याच्या पडद्यावर 'दोष', 'चूक', 'बंद', 'नाही' असले शब्द उमटायचेच नाहीत. सुरू करताना 'वणक्कम्', पीठ झालं की 'शुभम्'. ह्या दोन शब्दांच्या मध्ये यंत्रावर काहीही गुदरो, त्याने तोंड उघडायचं नाही.

ही व्यवस्था प्रोग्राममध्ये बसवली ती तंगवेलूंनी. मुदलाळींचे मेहुणे, म्हणजे इथल्या भाषेत मच्चान. ग्राइंडरला पहिल्यांदा चिप बसली तेव्हा घराण्यात शिकलेले तेच होते. त्यांनी सी भाषेत प्रोग्राम लिहिला आणि मनापासून लिहिला, यात शंका नाही. पण सी भाषेची एक खोड आहे. एखाद्या फंक्शनला काम सांगितलं की ते परत येऊन सांगतं, झालं किंवा नाही झालं. ते ऐकायचं की कानाआड करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सी भाषा कोणावर जबरदस्ती करत नाही. तंगवेलूंनाही कोणी जबरदस्ती केलेली आवडत नसे, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

पुढे कोणीतरी म्हणालं, परत आलेली उत्तरं अशी वाऱ्यावर सोडणं बरं दिसत नाही. तेव्हा तंगवेलूंनी एक नवीन फंक्शन लिहिलं आणि सगळी वाईट उत्तरं त्याच्याकडे पाठवून दिली. त्याचं नाव ठेवलं 'पात्तुक्कलाम्', म्हणजे 'बघून घेऊ'. आत काय होतं? एक महिरपी कंस उघडलेला, एक मिटलेला, आणि मध्ये कोईमतूरची मोकळी हवा. मोटर गरम झाली, बघून घेऊ. पाण्याची नळी तुंबली, बघून घेऊ. झाकणाचा डोळा उत्तर देईना, बघून घेऊ. पंधरा-सोळा वर्षांत कोणी काही बघितलं नाही आणि धंदा दुपटीने वाढला.

शेन्बगम या प्रोग्रामपाशी आली ती तंगवेलूंची मदतनीस म्हणून. गेली सहा वर्षं ती त्यांच्या टेबलाच्या कडेला स्टुलावर बसत होती. खुर्ची तंगवेलूंची, संगणक तंगवेलूंचा, आणि आत टाइप केलेली अक्षरं मात्र बहुतेक तिची. प्रोग्राम लिहिणं तिला मनापासून आवडायचं. सुटीच्या दिवशी लोक सिनेमाला जातात, ती घरी बसून जुनी फंक्शनं निवडायची, तांदूळ निवडावेत तशी. नवरा म्हणायचा, "तुझं लग्न माझ्याशी झालंय की सेमीकोलनशी?" ती म्हणायची, "सेमीकोलन निदान वाक्य तरी पुरं करतो."

मग मलेशियातून मागणी आली. तिथल्या इस्पितळांच्या स्वयंपाकघरांना ग्राइंडर हवे होते. अट एकच होती. प्रोग्रामची तपासणी व्हावी, आणि तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने एकही शेरा मारू नये. तपासायला कोचीच्या एका संस्थेचे जॉर्ज पुन्नूस आले. किरकोळ अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी शेन्बगमच्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चढवून दिलं, चहा घेतला आणि गेले.

हे सॉफ्टवेअर प्रोग्राम चालवून बघत नाही, नुसतं वाचतं. वाचता वाचता प्रत्येक ओळीला विचारतं, आणि याने ऐकलं नाही तर? आणि हे रिकामं निघालं तर? मुलगी बघायला आलेली आत्या कशी खाण्याला हातही न लावता सगळं घर पारखते, तसं. ऑफिसने त्याचं नाव 'अत्तै' ठेवलं. अत्तैने पहिल्याच दिवशी शेकड्याने शेरे मारले. सगळ्यात वर होतं: 'पात्तुक्कलाम्' हे फंक्शन काहीही करत नाही.

शेन्बगम तंगवेलूंकडे गेली.

"सर, पात्तुक्कलाम् रिकामं आहे."

"रिकामं कशाला म्हणतेस? भरून आहे म्हण."

"भरून आहे तर अत्तै ओरडतेय. सर, झाकणाच्या डोळ्याचं विचारायचं होतं. झाकण मिटलंय की उघडं, हे तो सांगतो. पण त्याचं तिसरं एक उत्तर आहे, 'मला कळत नाही'. तसं म्हणाला तर आपलं मशीन काय करतं?"

"आधी काय म्हणाला होता तेच धरतं."

"आणि आधी काहीच म्हणाला नसेल तर?"

"तर झाकण मिटलेलं आहे असं धरतं. माणसाने चांगलं तेच धरून चालावं." तंगवेलूंनी खिडकीतून थुंकून घेतलं. "आणि डोळा असं म्हणतच नाही. तिथे टीप लिहून ठेवलीय मी, 'हे कधीच घडत नाही'."

"म्हणाला तर, सर?"

"अम्मिणी," तंगवेलू म्हणाले (इथे बाईमाणसाला मायेने असंच म्हणतात), "सासऱ्यांना असे प्रश्न विचारतेस का तू?"

"सासरे सी मध्ये लिहिलेले नाहीत, सर."

"इतक्या वर्षांत एक तक्रार आली नाही!"

"येणार कशी? तक्रार करायला मशीनला तोंडच ठेवलं नाही आपण."

तंगवेलू हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त निवांत होता, आणि निवांत माणसाइतकं नुकसान खरोखरीचा दुष्ट माणूस करू शकत नाही. "तुला हवं ते कर," ते म्हणाले, "पण मुदलाळींचं तू बघून घे."

शेन्बगम कामाला लागली. एकेक उत्तर ऐकायचं, एकेकाचं काहीतरी करायचं. पाणी येत नसेल तर पाण्याची वाट बघायची. मोटर तापली तर वेग कमी करायचा. आणि झाकणाचा डोळा 'कळत नाही' म्हणाला, तर दगड जागच्या जागी थांबवायचा. अत्तैचे शेरे रोज कमी होत होते आणि शेन्बगमचं वजनही. शेवटी उरला एकच प्रश्न. दगड थांबला तर पडद्यावर लिहायचं काय? तेवढ्यासाठी मुदलाळींपुढे जावं लागलं.

"'झाकण दिसत नाही'," तिने वाचून दाखवलं.

"नाही?" मुदलाळी म्हणाले. "लग्नघरात 'नाही'?"

"बरं. 'जरा थांबा'."

"मांडवात नवरी बसलीय आणि मशीन म्हणतंय, थांबा! सोयरे उठून जातील."

"मग 'डोळा पुसा'. सेन्सरचा डोळा, मुदलाळी. पुसला की मशीन चालू होतं."

मुदलाळींनी कपाळावर हात मारून घेतला. "मुलगी सासरी निघालीय, तिची आई आधीच रडतेय, आणि माझा ग्राइंडर तिला सांगणार, डोळे पूस? अम्मिणी, तू ग्राइंडर बनवतेस की वैर साधतेस?"

"मग तुम्हीच सांगा, काय लिहू?"

मुदलाळींनी डोळे मिटले. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे तोंड केलं. मग प्रसन्न होऊन म्हणाले, "'सर्वम् मंगळम्'. हे लिही."

"पण झाकणाच्या बाबतीत..."

"सगळ्याच्या बाबतीत. काहीही बिघडलं तरी 'सर्वम् मंगळम्'."

"बिघडलं म्हणालात, मुदलाळी."

"ते मी म्हणालो. मशीन नाही म्हणणार."

तडजोड झाली ती अशी. थांबणं शेन्बगमचं, शब्द मुदलाळींचे. अत्तैला शब्दांशी देणंघेणं नव्हतं, उत्तर ऐकून काहीतरी केलंय ना, एवढंच ती बघत होती. तिने शेवटचा शेरा मागे घेतला. शेन्बगमला आनंद व्हायला हवा होता, पण ती बिघाडांची यादी परत वाचत बसली. दहा-बारा वेगवेगळे बिघाड, आणि सगळ्यांचं तोंड एकच.

त्याच आठवड्यात मुदलाळींनी जाहीर केलं, "आमच्या मुलीच्या, एळिलच्या लग्नात वड्यांची डाळ नव्या प्रोग्रामच्या मशीनवर वाटायची. पुन्नूस सरांना आमंत्रण गेलंय. ते खातील आणि बघतील. मशीन न थांबता चाललं, तर अम्मिणी, तंगवेलूची खुर्ची तुझी." तंगवेलूंनी खुर्चीतल्या खुर्चीत हालचाल केली. "आणि माझ्या मुलीच्या लग्नात थांबलं, तर सोमवारपासून तू सर्व्हिसला. मच्चानचा जुना प्रोग्राम परत आत."

"जुन्या प्रोग्रामवर अत्तै शेरे मारेल, मुदलाळी."

"अत्तैचं बघून घेऊ."

सर्व्हिस म्हणजे पाठीवर पिशवी, हातात पेचकस, आणि तिरुप्पूर, ईरोड, गोबीच्या बसगाड्या. त्यात कमीपणा काही नाही. पण तिथे कोणी प्रोग्रामला हात लावू देत नसत. सहा वर्षं स्टुलावर बसून जे शिकलो ते एका उडदाच्या घाण्यावर टांगलंय, या विचाराने शेन्बगमला जेवण जाईना.

तंगवेलूंना दया आली. ते हळूच म्हणाले, "त्या झाकणाच्या ओळीवर एक टीप टाक. अत्तैला 'इथे बघू नकोस' म्हणून सांगता येतं. ती निमूट पुढे जाते. मशीन थांबायची भीती तिथेच आहे ना सगळ्यात जास्त? तेवढी एक ओळ. बाकी तुझं राहू दे."

हे खरं होतं. एक टीप लिहिली की अत्तै मान फिरवते, दगड फिरत राहतो, खुर्ची मिळते. शेन्बगमने ती टीप लिहिली. वाचली. मग तिला राग आला, आधी तंगवेलूंचा, मग मुदलाळींचा, आणि शेवटी, बराच वेळ, स्वतःचा. एवढे दिवस आपण एकेका उत्तराकडे लक्ष दिलं ते काय फक्त अत्तैच्या भीतीने? तिने टीप खोडली, संगणक बंद केला आणि 'जाते' असं मोठ्याने म्हणून घरी गेली. कोणी परत बोलावलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात नादस्वरम् लागला होता. मुहूर्ताला अवकाश होता, पण नाश्त्याचे वडे मुहूर्ताआधी पानात पडायला हवे होते. मागच्या स्वयंपाकघरात आचारी अय्यावू मास्टर भिजलेल्या उडदाची घमेली लावून उभे होते. मध्ये नवा ग्राइंडर, झेंडूच्या माळा घालून नटवलेला. कोपऱ्यात, विजेच्या बटणापाशी, पट्टूची साडी नेसून शेन्बगम. पुन्नूस हाफ बाह्यांचा सदरा घालून एका उलट्या ठेवलेल्या डेगीवर बसले होते. त्यांना खुर्ची देऊ केली होती, पण ती फार शोभेची निघाली.

मुदलाळी आले. उपरणं, रेशमी वेष्टी, कपाळावर भस्म. त्यांनी यंत्राचं झाकण उघडलं, आत हळदीकुंकू वाहिलं, डाळ ओतवून घेतली, बाहेरून भस्माची तीन बोटं ओढली. मग चंदनाचं ओलं गंध घेऊन पडद्याच्या वर, बरोबर मध्ये, जिथे यंत्राचं कपाळ असावं असं कोणालाही वाटेल, तिथे रुपयाएवढा टिळा लावला आणि त्यावर कुंकू चिकटवलं. कापूर ओवाळला. झाकण मिटलं. झाकणाच्या पुढच्या बाजूला एक जीभ होती, ती खाली आली आणि टिळा तिच्यामागे झाकला गेला.

"एळिलने पहिली मूठ घालायची होती," अय्यावू मास्टर म्हणाले.

"तिचा मेकअप चाललाय. येईल तेव्हा घालेल. वेळ घालवू नका." मुदलाळींनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

पडद्यावर आलं, 'वणक्कम्'. सगळ्यांनी हात जोडले.

मग आलं, 'सर्वम् मंगळम्'.

पुन्हा हात जोडले. मुदलाळींचे डोळे भरून आले. "बघा सर," ते पुन्नूसना म्हणाले, "कसं बोलतंय!"

दगड हलला नाही.

"आता फिरेल," मुदलाळी म्हणाले. फिरला नाही. त्यांनी परत बटण दाबलं. 'वणक्कम्. सर्वम् मंगळम्.' तिसऱ्यांदा हात जोडायला कोणी पुढे झालं नाही. वऱ्हाडातल्या एका म्हातारीने मात्र यंत्राला प्रदक्षिणा घातली.

"काय झालंय?" पुन्नूसनी शेन्बगमला विचारलं.

"काहीतरी बिघडलंय, सर."

"काय?"

"ते..." शेन्बगमला रडू येईल की हसू, ते तिलाच कळेना. "ते मशीनला माहीत आहे. पण ते सांगणार नाही. सगळ्याला एकच वाक्य आहे." ती पाण्याची नळी बघायला वाकली. मोटरला हात लावून पाहिला. थंडगार. वायर ओढून पाहिली. दहा-बारा कारणं एकेक करून बघायला हवी होती, आणि मुदलाळींना तेवढा धीर नव्हता.

"मच्चान!" ते गरजले. "जुना प्रोग्राम आणलायस?"

तंगवेलूंनी आणला होता. नवरीचा मामा म्हणून ते आज नखशिखांत नटले होते, तरी काखेत लॅपटॉप होता. आपल्याकडे वाईट काही घडत नाही असं मानणारी माणसं तयारीत मात्र कशी असतात, कोण जाणे. त्यांनी केबल लावली. शेन्बगम पुढे झाली, "सर, दोन मिनिटं द्या, मशीन उगाच थांबत नाही..."

"अम्मिणी, तू बाजूला हो," मुदलाळी म्हणाले. "सोमवारी सर्व्हिसच्या पळनिवेलला भेट. माझ्या मुलीच्या लग्नात माझंच मशीन माझी अब्रू काढतंय."

ती बाजूला झाली. गालावरून पाणी आलं ते तिने पदराने टिपलं आणि परत बटणापाशी जाऊन उभी राहिली. जायला दुसरी जागाही नव्हती.

जुना प्रोग्राम आत गेला. 'वणक्कम्'. दगड घरघरला आणि फिरू लागला. स्वयंपाकघरात टाळ्या झाल्या. पांढरीशुभ्र डाळ दगडावर चढायला लागली. "शेवटी अनुभव तो अनुभव," कोणीतरी म्हणालं. तंगवेलूंनी विनयाने मान खाली घातली.

तेवढ्यात दारातून एळिलरसी आली. जड साडी, केसात गजऱ्यांचा भारा, दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. मागे फोटोवाला.

"अप्पा! माझी मूठ न घालताच सुरू केलंत?"

"घाल की, घाल! झाकण उघडलं की थांबतं आपलं मशीन."

हे कोईमतूरमध्ये लहान पोरालाही ठाऊक होतं. जाहिरातीतच होतं, झाकण उघडताच थांबणारा अरुक्काणी. एळिलने एका हाताने झाकण वर केलं, दुसऱ्या हाताची मूठ डाळीने भरली.

"अक्का, इकडे बघा. हसा. हात आत घाला आणि इकडे बघा," फोटोवाला म्हणाला.

एळिल इकडे बघून हसली आणि हात आत घातला.

शेन्बगम फोटोवाल्याकडे बघत नव्हती. तिला ऐकू येत होतं. घरघर थांबलीच नव्हती. झाकण उघडं होतं आणि दगड फिरत होता.

"हात काढ!" ती किंचाळली, आणि बटण दाबायचं सोडून तिने वायरच भिंतीतून उपटली. तरी दगड आपल्या वेगाने एक फेरा घेतच होता. अय्यावू मास्टरांनी नवरीला दंडाला धरून मागे खेचलं. काच कडकडली.

मग सगळं शांत झालं. बाहेर नादस्वरम् चालू होता, तेवढाच आवाज.

एळिलचा हात जागेवर होता. मनगटावर एक लाल ओरखडा. आणि दगडाच्या फटीत, पांढऱ्या डाळीत, हिरव्या काचेचा चुरा. अशा वेळी बांगडी 'वाढली' म्हणतात. पण ती वाढली नव्हती, फुटली होती, आणि तिच्यामागे एक मनगट होतं. मुदलाळी त्या चुऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी मुलीचा हात दोन्ही हातांत धरला, एकेक बोट चाचपून पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"झाकण उघडं असताना का फिरलं?" पुन्नूसनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

शेन्बगमने झाकण नीट वर केलं, जीभ झाकत होती त्या जागी बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. चंदन आणि कुंकू. तिने पदराच्या टोकाने पुसून काढलं, तेव्हा आतून मुगाएवढी काचेची टिकली चमकली.

"हा झाकणाचा डोळा," ती म्हणाली. "हा बुजला होता. मघाशी तो तेच सांगत होता, मला कळत नाही. म्हणून नवा प्रोग्राम थांबला. जुन्याने ते ऐकलंच नाही. त्याने झाकण मिटलेलं धरलं."

"इथे गंध कोणी लावलं?" पुन्नूस म्हणाले.

सगळ्यांनी मुदलाळींकडे बघितलं.

"कपाळाला लावलं," मुदलाळी म्हणाले.

"ते कपाळ नाही, मुदलाळी."

"मला कपाळच वाटलं. नेहमी तिथेच लावतो. प्रत्येक मशीन गिऱ्हाइकाला देताना..." ते बोलता बोलता थांबले. "गिऱ्हाईकही तिथेच लावतात. आयुधपूजेला, पोंगलला."

"आणि लग्नाला," शेन्बगम म्हणाली.

तंगवेलू नारळांच्या ढिगावर बसले होते. नटलेला मामा, पण चेहरा भिजलेल्या फडक्यासारखा. "मी लिहिलं होतं, कधीच घडत नाही," ते पुटपुटले. "आणि ते दर शुभदिवशी घडत होतं."

"नव्या प्रोग्रामने हे पडद्यावर का सांगितलं नाही?" पुन्नूस शेन्बगमला विचारत होते. "थांबला, ठीक. पण थांबून मंगल काय सांगतो? असं मशीन मी पास करणार नाही. प्रत्येक बिघाडाला त्याचं स्वतःचं वाक्य हवं, खरं."

शेन्बगम पदराच्या टोकावरचं पिवळं झटकत राहिली. सांगायचं असतं तर बरंच होतं, पण मुलीच्या बापाला लग्नाच्या दिवशी किती बोलायचं?

मुदलाळीच बोलले. "वाक्य माझं होतं," ते म्हणाले. उठले, उपरण्याने तोंड पुसलं. "अम्मिणी, तुझा प्रोग्राम परत घाल. आणि तुला काय लिहायचं ते लिही. बिघाड म्हण, दोष म्हण, काय वाटेल ते म्हण."

ती लॅपटॉपपाशी बसली. डाळ काचेसकट फेकली, नवी डाळ आली. अय्यावू मास्टरांनी दगड आंघोळ घालावी तसा धुतला. तेवढ्यात नवरीच्या आईचा निरोप आला, मुहूर्ताची वेळ झाली, मुदलाळी आणि मामा दोघांनी मांडवात यावं.

मुदलाळी दोन पावलं चालले आणि थबकले. बाहेर रस्त्यापलीकडच्या कार्यालयातूनही नादस्वरम् ऐकू येत होता.

"आज मुहूर्ताचा दिवस आहे," ते म्हणाले.

कोईमतूरपासून ईरोडपर्यंत जितकी कार्यालयं, तितकी आज लग्नं. तितके अरुक्काणी ग्राइंडर, सगळे जुन्या प्रोग्रामचे, सगळे माळा घातलेले, आणि सगळ्यांच्या कपाळी ओलं गंध.

"फोन लाव," मुदलाळी शेन्बगमला म्हणाले. "सगळ्यांना. मच्चान, तूही लाव, अविनाशी गावाकडची बाजू तुझी. मुहूर्त पाच मिनिटं थांबेल." लग्नघरात 'थांबेल' म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पहिला फोन तिरुप्पूरच्या सुब्बात्ताळला. कार्यालयाचं स्वयंपाकघर सांभाळणारी, सत्तरीतली, सगळ्यांची पाट्टी, म्हणजे आजी, आवाज मात्र खणखणीत.

"पाट्टी, मी अरुक्काणीचा चेन्नियप्पन. ऐका. आमच्या मशीनमध्ये..." मुदलाळींनी मांडवाकडे पाठ फिरवली. "आमच्या मशीनमध्ये दोष आहे."

"अरे, आज एळिलचं लग्न ना? आजच्या दिवशी काय बोलतोस असलं!"

"दोष आहे, पाट्टी. मोठा दोष आहे. गंध लावलंय का त्याला?"

"लावलंय की. भरपूर."

"मग झाकण उघडलं तरी ते थांबणार नाही. कोणी हात घालू नका. वायर काढा आणि गंध पुसा."

पलीकडे पाट्टी हसली. "हे सांगायला फोन केलास होय? आम्हाला ठाऊक आहे ते. पूजा केली की त्या दिवशी झाकण उघडलं तरी दगड फिरतो. कैक वर्षं झाली. त्या दिवशी देवीआई येते त्याच्यात, स्वतः दळते. म्हणून आमच्यातलं कोणी हात घालत नाही."

"आई नाही, पाट्टी," मुदलाळी म्हणाले. "आमची चूक आहे. आमच्या प्रोग्रामची."

मग सुब्बात्ताळ म्हणाली, "बरं, चूक तुमची. मग इतकी वर्षं माझ्या पोरींचे हात कोणी वाचवले?"

मुदलाळींनी फोन कानापासून दूर केला, त्याच्याकडे पाहिलं आणि शेन्बगमच्या हातात दिला.

"गंध पुसायला सांग त्यांना," ते म्हणाले. "आणि पुढचा नंबर लाव."